डाव्या अंगाचा कुत्रा

शाईची गादी तिसऱ्या ओळीवर आली आणि संग्रहालयात ठसे घेणाऱ्या पान दशुनचा हात थांबला. कागद अजून ओलसर होता. ठसा घ्यायच्या कामात नेमकं याच वेळी थांबून चालत नाही. दगडावर कंदाचं चिकट पाणी फिरवायचं, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद बसवायचा, केसाळ ब्रशाने ठोकून ठोकून तो प्रत्येक खाचेत उतरवायचा, आणि कागद ना ओला ना सुका अशा अवस्थेत आला की गादीने हलक्या हाताने शाई चढवत जायची. ओला असेल तर शाई पसरते, सुकला तर कागद दगड सोडतो. मधल्या तेवढ्या वेळात दगड बोलतो. काळं चढत जातं आणि अक्षरं पांढरी होऊन वर येतात, एखाद्याने पाण्याखालून तोंड वर काढावं तशी. उभी नोकरी त्याने हेच केलं होतं. समाध्यांचे दगड, पुलांचे दगड, देवळाला तेल देणाऱ्यांच्या नावांचे दगड. काय लिहिलंय हे हाताला आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून. आत्ताही हातालाच कळलं. गादीखालून एक कुत्रा वर आला होता.

चित्र नव्हतं ते. चिनी अक्षराच्या कडेला, बहुधा डाव्या अंगाला, एक खूण बसते: पाणी, लाकूड, माणूस, धातू, हे अक्षर कोणाच्या नात्यातलं ते सांगणारी. उरलेला भाग बहुतेक वेळा उच्चार सांगतो. त्यातली कुत्र्याची खूण तीन फटकाऱ्यांची: वरून डावीकडे उतरलेला एक, त्याला छेदून खाली गेलेला बाकदार आकडा, आणि पोटाखालून डावीकडे सुटलेला आणखी एक. फार पूर्वी, हाडांवर अक्षरं कोरायचे तेव्हा ते खरोखरीचं कुत्रं होतं, शेपटीवर उभं केलेलं, पोट आत गेलेलं, शेपूट वर वळलेली. शेपूट खाली असती तर डुक्कर. पुढे लिहिणाऱ्यांची घाई वाढली. कुत्र्याचं तोंड गेलं, पाय गेले, आणि त्याला अक्षराच्या कडेला अंग चोरून बसायला लावलं. लांडगा, कोल्हा, माकड, मांजर यांच्या अंगाला ते लागलं, तिथवर ठीक. मग ते वेडाला लागलं, क्रूरपणाला लागलं, लबाडीला लागलं, गुन्ह्याला लागलं. तुरुंगाच्या अक्षरात तर दोन कुत्री आहेत, समोरासमोर, आणि मधे माणसाचं बोलणं कोंडलेलं. आणि दक्षिणेकडच्या डोंगरांत राहणाऱ्या माणसांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्या साहेबांनी फार डोकं शिणवलं नाही. ‘याओ’ लिहिताना उच्चारासाठी एक अर्ध घेतलं आणि नात्यासाठी कुत्रा. पान दशुन याओ होता.

हे त्याला नवं होतं असं नाही. शाळेत शिकवलंच होतं की जुन्या राजवटीत असं लिहीत, आणि मग ते बदललं. आधी कुत्रा काढून तिथे माणूस बसवला. मग दहाबारा वर्षांत माणूसही काढला आणि रत्नाची खूण बसवली. माणूस म्हणून काही फार दिवस राहू दिलं नाही. ओळखपत्रावर त्याच्या जातीपुढे रत्न होतं, पगाराच्या कागदावर रत्न होतं. पण वाचणं वेगळं आणि आपल्या हाताखालून ते उगवणं वेगळं. कोरणाऱ्याने मन लावून कोरलं होतं. आकड्याच्या टोकाशी छिन्नी वळवताना त्याने घेतलेला दम दोनशे वर्षांनीही कागदाला लागत होता. हा दगड नव्या पुलाचा खांब खणताना नदीकाठी निघाला होता; कुणा अधिकाऱ्याचा हुकूम, याओंनी बाजारात कसं यावं, कसं वागावं, कधी निघून जावं. त्यात ते नाव पुन्हा पुन्हा होतं आणि प्रत्येक नावाच्या डाव्या अंगाला तो बसलेला होता. दशुन बघत राहिला. तेवढ्यात कागद सुकला आणि एका कोपऱ्यातून दगड सोडून फुगला. ठसा वाया गेला.

“पानभाऊ, झालं का?” लिआंगसाहेब दारात उभे होते. संग्रहालयाचे प्रमुख, हातात कायम चहाचा थर्मास, झाकण उघडायचे आणि न पिताच लावायचे. त्यांनी फुगलेल्या कागदाकडे पाहिलं. “बिघडला?”

“बिघडला. पुन्हा घेतो.”

“घ्या, घ्या. उद्घाटनाला आठवडा आहे.” ते जवळ आले. “ते... अगदी स्पष्ट येतंय, नाही?”

“खोल कोरलंय. मजुरी चांगली मिळाली असेल.”

लिआंगसाहेब हसले नाहीत. झाकण उघडलं, लावलं. “असं बघा, डोंगरातनं पाहुणे येणार, वरनं साहेब येणार, प्रदर्शनाचं नावच सलोख्याचं. उगाच कुणाच्या भावना दुखवायला नकोत. तेवढ्या तेवढ्या जागी हात जरा हलका ठेवा. कागद खाचेत ठोकूच नका. दगड झिजलाय म्हणू.”

“दगड झिजलेला नाही.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय. झिजलेला असता तर कोणीही केलं असतं.”

“आणि खुद्द दगड ठेवणार ना?”

“ठेवू की. लांब, दोरीच्या पलीकडे. लांबून कोण दगड वाचतंय? लोक कागद वाचतात.” ते वळले, पुन्हा थांबले. “आणि तुमच्याच हातून झालं तर बरं दिसतं, पानभाऊ. उद्या कोणी बोट दाखवलं तर म्हणता येईल, याओ माणसानंच केलंय. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून बोललो.”

हे ते प्रेमानं बोलले, आणि तेच दशुनला झोंबलं. शिवी दिली असती तर उलट देता आली असती. दोनशे वर्षांपूर्वी एका साहेबाने कुत्रा बसवला, आता दुसऱ्या साहेबाला तो नको होता, आणि दोन्ही वेळा मजूर हवा होता. शिवाय पुसायला सांगायचं ते त्यालाच, ज्याच्या अंगाला तो चिकटवला होता. म्हणजे पुसल्याचा पुरावाही उरायला नको. पलीकडच्या टेबलावर वेइ शिआओलान प्रदर्शनाच्या पाट्या तयार करत होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती झुआंग होती, याओंसारख्याच दुसऱ्या एका जमातीची, मुलीच्या वयाची, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडायची आणि टरफलं साहेबांच्या नजरेआड दडवायची.

“पाटीवर मी रत्नवालंच लिहिलंय, काका.”

“लिही. तुमच्याही अंगाला हाच होता, माहीत आहे?”

“झुआंगांच्या?” तिने बी फोडायचं थांबवलं. “खरं की काय?”

“तीन फटकारे. हाच.”

“छान. म्हणजे आपण एका गल्लीतले.” ती हसली. “आणि त्याच नावावर, जमातीच्या सवलतीचे, वाढीव गुण मला परीक्षेत मिळाले. शिव्या आजीनं खाल्ल्या, गुण मी खाल्ले.” तिने फोन काढून दगडाचा फोटो घेतला आणि कुणाला तरी पाठवला. त्या कुणाचं तरी लगेच उत्तर आलं, त्यात एक हसणारं तोंड होतं. ती पुन्हा बियांकडे वळली. दशुनला वाटलं होतं की ती आणखी काही बोलेल. काय बोलायला हवं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी त्याने कोपऱ्यावरच्या गाड्यावरून तांदळाच्या शेवया बांधून घेतल्या आणि सहाव्या मजल्यावर चढला. बायको शनचनला मुलीकडे होती, नातवाला सांभाळायला. इमारतीतल्या निम्म्या बायका अशाच कुठे कुठे नातवंडांपाशी होत्या आणि निम्म्या घरांत एकेक म्हातारा प्लॅस्टिकच्या पिशवीतून जेवत होता. पिशवी वाडग्यात तशीच ठेवली की वाडगा धुवावा लागत नाही, हा शोध त्याने पहिल्याच महिन्यात लावला होता. फोन वाजला.

“जेवलास?”

“जेवतोय.”

“काय?”

“शेवया.”

“रोज शेवया. आतडी शेवयांची होतील तुझी. बाकी काय?”

“एक दगड आलाय नदीवरनं.”

“मग?”

त्याने तोंड उघडलं. ती हान होती, देशात बहुसंख्य असलेल्यांतली, नदीकाठच्या व्यापाऱ्याच्या घरातली. लग्न झालं तेव्हा तिच्या मावशीने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं की याओंच्यात चुलीपाशी कोण झोपतं, माणसं की कुत्री, आणि दोघं त्यावर वर्षानुवर्षं हसली होती. चांगली बाई होती. पण हे तिला सांगायचं तर आधी संसाराच्या मधोमध रेघ ओढावी लागली असती, या बाजूला तुम्ही, त्या बाजूला आम्ही, आणि मग रेघेवरून ओरडून सांगावं लागलं असतं. ती कळवळली असती, तेही नको होतं. “मग काही नाही,” तो म्हणाला. “चांगला दगड आहे.” पलीकडे नातू रडायला लागला आणि फोन त्याच्याकडे वळला. रडणं या अक्षरात वर दोन तोंडं आहेत आणि खाली कुत्रा. दशुनने शेवया गिळल्या. एकदा तो दिसायला लागला की सगळीकडे दिसत होता. गप्प या अक्षरात काळा कुत्रा. एकटा या अक्षराच्या डाव्या अंगालाही तोच. जुन्या कोशात कारण दिलंय, मेंढ्या कळपात राहतात, कुत्रा एकटा. ज्याने हे लिहिलं त्याने कधी गावात राहून पाहिलं नसावं. गावातली कुत्री एकटी नसतात. त्याच्या गावात नव्या साळीचा पहिला भात शिजला की पहिला वाडगा कुत्र्यापुढे जायचा, म्हाताऱ्यांच्याही आधी, कारण साळीचं बी कुत्र्यानेच शेपटीत धरून पाण्यापलीकडून आणलं होतं. आणि त्याच्याही मागे, अगदी मुळाशी, एक कुत्रा पूर्वज होता, राजाची मुलगी लग्नात जिंकणारा. पान हे आडनाव त्याच्याच पोटचं. कुत्र्याचं मांस त्यांच्यात कुणी तोंडात घालत नाही. नोकरीच्या पहिल्या थंडीत सगळ्या कचेरीने त्याला जेवायला नेलं होतं, मधे मोठं उकळतं भांडं, आणि त्याने नुसता भात खाल्ला तेव्हा कुणी तरी म्हणालं होतं, “नातेवाईक आहेत, कसा खाणार तो.” सगळे हसले. तोही हसला. हसला होता तो, हे खरं.

आणि बा. बा डोंगरातला भगत होता, मेलेल्यांचे आत्मे वर पोचवणारा. त्यासाठी वरच्या दरबाराला चिनी अक्षरांत अर्ज लिहावा लागतो, अमुक गावचा, अमुक नावाचा माणूस येतो आहे, दार उघडा. तो अर्ज जाळायचा, धूर वर जातो. बा चुलीजवळ बसून असे अर्ज लिहायचा, आणि कुत्र्याचे ते तीन फटकारे दशुनने पहिल्यांदा पाहिले ते तिथे, बाच्या हातचे. बाने आपल्या लोकांचं नाव कुत्र्यासकट लिहिलं होतं. आकड्याला तो अशी ओढ द्यायचा की कुत्रा आत्ता उठून चालू लागेल. तालुक्याच्या शाळेतून दशुन सुट्टीला घरी आला तेव्हा त्याने सांगितलं होतं, “बा, ही शिवी आहे. सरकारनं बदललीय. आता रत्न लिहायचं.”

बाने ब्रश खाली ठेवला नव्हता. “सरकारनं बदललं व्हय. बरं केलं. पर वर कुनी कळवलं का?”

“वर म्हणजे?”

“वरच्या कचेरीत. तिथं बी कारकून हायेत. तुझा आजा, पणजा, समदे ह्याच नावानं गेले. उद्या म्या रत्न लावून गेलो तर ते वही उघडून म्हणतील, असा कुनी न्हाई आमच्यात.”

“पण बा, बाजारात ते तुम्हाला—”

“बाजारात ते म्हणत्यात तवा शिवीच ती,” बा म्हणाला. “मला काय कळत न्हाई का.” आणि पुढचं अक्षर लिहायला घेतलं. हाच बा बाजाराच्या वाटेवर समोरून हान माणूस आला की पाठीवरच्या ओझ्यासकट बांधावरून खाली चिखलात उतरायचा, हे दशुनने पाहिलेलं होतं. दोन्ही एकाच माणसाचं. बा गेला तेव्हा त्याच्या चेल्याने अर्ज लिहिला, आणि चेला तालुक्याला शिबिर करून आलेला होता, त्याने रत्न लिहिलं. दशुनला तेव्हा बरंच वाटलं होतं. निदान शेवटच्या कागदावर तरी बाच्या अंगाला कुत्रा नाही. कागद जळला, धूर घराच्या वाशांतून बाहेर गेला. त्या धुराचं पुढे काय झालं असेल, हा विचार इतक्या वर्षांत त्याला कधी शिवला नव्हता. तो आत्ता, पिशवीतल्या थंड शेवयांसमोर शिवला, आणि मग हलेना. हसण्यासारखी गोष्ट होती. देवबीव तो मानत नव्हता. तरी एक म्हातारा पाठीवर ओझं घेऊन कुठल्याशा खिडकीसमोर उभा आहे आणि आतला कारकून पानं उलटतो आहे, असं त्याला दिसत राहिलं.

सकाळी त्याने दगड पुन्हा धुतला. शिआओलान यायची होती. रागाच्या भरात काम करायचं नाही हा त्याचा नियम होता, आणि गंमत म्हणजे राग आता नीट सापडतही नव्हता. रात्रीपर्यंत तो एका बाजूला होता. आता ज्याने शिवी कोरली त्याच्यावर राग होता, ज्याला ती पुसायची होती त्याच्यावर होता, आणि जो ती सुंदर अक्षरात लिहून जाळत बसला त्याच्यावरही होता. कुत्रा ठेवला तर हुकूम देणाऱ्याचा शब्द पुन्हा उठवल्यासारखं. कुत्रा काढला तर बाला दुसऱ्यांदा बेपत्ता केल्यासारखं. त्याने कागद बसवला आणि ब्रशाने ठोकायला लागला. पहिल्या नावापाशी आला. तिथे नुसता ब्रश उचलून पुढे जायचं होतं, एवढंच. कागद खाचेवर ताणलेला राहिला असता, वर शाई फिरवली असती की सगळं काळं. मनगट उचललंही त्याने. मग त्याला जाणवलं की त्याच्या हाताला हे येतच नाही. दगडात असलेलं सोडून द्यायला हा हात कधी शिकलाच नव्हता, आणि शिकायचं वय निघून गेलं होतं. त्याने ठोकलं. कागद आकड्यात उतरला, पोटाखालच्या फटकाऱ्यात उतरला. प्रत्येक नावाशी तो तेवढाच थांबला जेवढा इतर अक्षरांशी थांबत होता, जास्त नाही, कमी नाही. शाई चढली. दुपारी त्याने कागद सोडवून दोरीवर टांगला तेव्हा ते सगळे पांढरे कुत्रे आपापल्या नावाशी बसून होते.

लिआंगसाहेब टांगलेल्या ठशासमोर उभे राहिले. या वेळी त्यांनी चहा खरंच प्यायला.

“पानभाऊ, तुम्ही माझी अडचण केलीत.”

“अडचण दगडात होती, साहेब.”

“आता कशातच नाही,” ते म्हणाले, आणि आवाज चढवला नाही. संध्याकाळी हमाल आले, दगड मागच्या कोठीत नेऊन भिंतीला टेकवला. ठशाची गुंडाळी करून नळकांड्यात घातली. प्रदर्शनात त्या जागी डोंगरउतारावरच्या भातशेतीचा मोठा रंगीत फोटो लागला आणि तो खरोखरच सुरेख होता. दशुनला कुणी काही बोललं नाही. त्याला शिक्षा झाली नाही, बढती तशीही होणार नव्हती. फक्त दुपारच्या चहाला कोणी हाक मारीना. शिआओलानने एकदा मूठभर बिया त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि कुजबुजली, “काका, हलका हात ठेवला असता तर निदान कोपऱ्यात तरी लागला असता तुमचा दगड.” तिचं चुकलं नव्हतं. त्याने जे जसंच्या तसं राखलं ते आता कोणीच पाहणार नव्हतं, आणि पुसलं असतं तरी कुत्रा कोणाला दिसला नसताच.

उद्घाटनाच्या दिवशी डोंगरातून बस आली. जड ओढण्यांची मुंडाशी बांधलेल्या, गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या बायका उतरल्या; त्यांनी दारात उभं राहून गाणं म्हणायचं होतं. आत वरचे साहेब बोलत होते. दशुन मागच्या ओट्यावर उभा होता तर जिन्यावरून शिव्या ऐकू आल्या, पायऱ्यांना, बसला, बस ठरवणाऱ्याच्या आईला, आणि त्या याओ भाषेत होत्या. एक म्हातारी भिंत धरून येत होती.

“बसायला हाय का कुठं?” तिने तुटक्या बाजारी चिनीत विचारलं. “गुडघा मेलाय माझा. तिथं खुर्च्या हायेत त्या साहेबांच्या बुडाला राखून ठेवल्यात.”

“आत स्टूल आहे, मावशी,” तो याओत म्हणाला. शब्द तोंडात गंजले होते. तिने चमकून पाहिलं आणि त्याच्या मागोमाग आत आली. कोठीत ती स्टुलावर टेकली आणि आधारासाठी हात लांब केला तो त्या दगडावर पडला.

“ह्यो कुनाच्या थडग्याचा?”

“थडग्याचा नाही. आपल्याबद्दल लिहिलंय.”

“आपल्याबद्दल? मग हितं अंधारात का ठेवलाय? वाच बघू.”

त्याने वाचलं, चिनीतून याओत करत करत. याओ लोकांनी बाजाराच्या दिवशीच खाली यावं. याओ लोकांनी हत्यार आणू नये. याओ लोकांनी सूर्य कलल्यावर नदीच्या अलीकडे थांबू नये, सापडल्यास फटके. वाचता वाचता त्याच्या ध्यानात आलं की तोंडाने म्हटलं की कुत्रा कुठेच नाही. रत्न लावा, माणूस लावा, कुत्रा लावा, आवाज एकच. तो फक्त वाचता येणाऱ्यांनाच चावत होता. त्याला ते सहन होईना. त्याने तिचं जाडंभरडं बोट धरलं आणि त्या खाचेत ठेवलं. “इथे, मावशी. आपल्या नावाला त्यांनी कुत्रा लावलाय. प्रत्येक नावाला.”

तिने बोट फिरवून पाहिलं, आकड्यावरून खाली, पुन्हा वर. “लावला आसंल,” ती म्हणाली. “ते ऱ्हाऊ दे. रातीचं काय म्हनलास तू? थांबायचं न्हाई?”

“सूर्य कलल्यावर थांबायचं नाही.”

“आन् जायाचं कुठं?” तिचा आवाज एकदम खाली गेला. “मिठासाठी खाली याला एक दीस लागतो. चढून जायाला दीड. अंधारात त्या कड्यावरनं, पाठीवर मीठ. माझा आजा तसाच गेला, कड्याखाली. आमाला वाटायचं भूत लागलं. आजी जलमभर त्या भुताला कोंबडं देत ऱ्हायली.” तिने तळहात दगडावर सपाट ठेवला, एखाद्याच्या छातीवर ठेवावा तसा, आणि तो तसाच दाबून धरला. “ह्ये हुतं व्हय.”

दशुन उभा राहिला. या ओळीवरून त्याची गादी फिरली होती, ब्रश फिरला होता, तो तिच्यावर एकदाही थांबला नव्हता. पलीकडे टाळ्या वाजल्या. कुणी तरी गाणाऱ्या बायकांना बोलवत होतं. म्हातारी उठली नाही.

“तू कुनाचा?” तिने विचारलं.

असं त्याला फार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. शहरात माणूस कुठल्या कचेरीतला ते विचारतात. त्याने गावाचं नाव सांगितलं, खोऱ्याचं नाव सांगितलं, आणि मग बाचं नाव, रोजचं नव्हे, वरच्या दरबारात ठाऊक असलेलं, भगत होताना दीक्षेच्या दिव्यांखाली मिळालेलं: पान फाशंग. म्हातारीने डोळे मिटले, नाव ओठांत दोनदा घोळवलं. तो वाट पाहत राहिला.

“न्हाई,” ती म्हणाली. “त्या अंगाचं कुनी मला ठाऊक न्हाई.”

मग तिने गुडघा चोळला, दगडावरचा हात न काढता मान वर केली आणि म्हणाली, “पुढं वाच.”